जोडीदारासाठी हाताने घडवलेले कडे : आराखड्यापासून पॉलिशपर्यंत

लग्नाचा वाढदिवस, साखरपुडा किंवा केवळ दोघांपुरता महत्त्वाचा असा एखादा दिवस जवळ आला, की विकत घेतलेल्या वस्तूऐवजी स्वतः घडवलेले काहीतरी द्यावे, असे अनेकांच्या मनात येते. धातूच्या बाबतीत हा विचार बहुधा वहीतल्या एका सुंदर चित्रापाशी थांबतो, कारण ते चित्र काढताना पट्टी कधी कापायची, कधी तापवायची आणि अक्षरे कधी उमटवायची, याचा विचार झालेला नसतो. धातूकामात आराखडा आणि कामाचा क्रम वेगळे करता येत नाहीत. वळवून झालेल्या कड्याच्या आत अक्षरे घालता येत नाहीत आणि अक्षरे घातलेल्या पट्टीवर हातोडी चालवता येत नाही. म्हणून पुढील पायऱ्या वाचताना पेन्सिल जवळ ठेवावी, मात्र संपूर्ण लेख वाचून होईपर्यंत चित्र पक्के करू नये.

मी आधी तांब्याचे आणि मग चांदीचे कडे घडवले आहे. येथे दिलेली मापे आणि सूचना घरातल्या टेबलावर, मोजक्या हत्यारांनी काम करणाऱ्या नवख्या माणसासाठी आहेत; उल्लेखलेली दुकाने आणि ठिकाणे पुण्यातली आहेत.

१. वस्तू ठरवा, आणि अंगठी शक्यतो टाळा

सुरुवात जोडीदाराच्या सवयींपासून करावी. ती व्यक्ती दिवसभर संगणकावर काम करते का, कणीक मळते का, दुचाकीवर हातमोजे घालते का, दागिना काढून ठेवायची तिला सवय आहे का, या प्रश्नांची उत्तरे नक्षीपेक्षा महत्त्वाची असतात.

अंगठी सर्वांना प्रथम सुचते. नवख्याने तिच्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तिच्या मापातली अर्ध्या मिलिमीटरची चूकही बोटाला जाणवते, आणि सांधा पक्का करण्यासाठी डाग द्यावा लागतो, म्हणजे दुसरा धातू वितळवून तो जोडावा लागतो, जे स्वतंत्र कौशल्य आहे. पैंजणाला कड्या आणि फासा लागतो, लॉकेटला बिजागरी लागते. याउलट खुले कडे, म्हणजे दोन टोकांमध्ये फट ठेवलेले कडे, एकाच पट्टीतून तयार होते. त्याला डाग लागत नाही, माप थोडे चुकले तरी दाबून सुधारता येते आणि ते स्त्री-पुरुष दोघांनाही शोभते. ज्यांच्या जोडीदाराला मनगटावर काहीच सहन होत नाही, त्यांनी त्याच पट्टीतून पुस्तकात ठेवायची खूण करावी. वळवण्याची पायरी वगळता बाकी सर्व काम तेच राहते.

२. धातू निवडा

पहिल्या कामासाठी तांबे घ्यावे. ते मऊ असते, हातोडीला चांगली साथ देते, बिघडले तरी फार नुकसान होत नाही आणि त्याचा रंग उबदार असतो. पितळ त्याहून कडक असते आणि नवख्या हाताला लवकर दमवते; शिवाय त्यात जस्त असल्यामुळे ते जास्त तापवल्यास निघणारा धूर अपायकारक असतो. चांदी तांब्याइतकीच गुणी आहे, परंतु तिच्यावर हात टाकण्यापूर्वी तेच कडे एकदा तांब्यात घडवून पाहावे. ते तांब्याचे कडे वाया जात नाही. माझ्या घरी तेच जास्त वापरले जाते.

शुद्ध चांदी दागिन्यासाठी फार मऊ पडते, म्हणून ९२.५ टक्के चांदी आणि उरलेला भाग बहुधा तांबे असलेली मिश्रचांदी वापरतात. तिलाच ‘९२५’ म्हणतात.

येथे दोन सापळे आहेत. पहिला सापळा जर्मन सिल्व्हरचा. तुळशीबागेत ऑक्सिडाइज्ड दागिन्यांच्या दुकानांत हे नाव सतत कानावर पडते, परंतु या धातूत चांदी मुळीच नसते. तो तांबे, निकेल आणि जस्त यांचा मिश्रधातू आहे. अनेकांच्या त्वचेला निकेल सोसत नाही. तुमच्या जोडीदाराला खोट्या कानातल्यांनी किंवा पट्ट्याच्या बकलाने खाज सुटत असेल, तर हा धातू पूर्णपणे टाळावा. दुसरा सापळा तांब्याचाच आहे. घामाशी संयोग झाला की तांबे त्वचेवर हिरवट डाग सोडते. हा डाग साबणाने निघतो आणि सामान्यतः निरुपद्रवी असतो. परंतु कडे भेट देताना हे आधीच सांगितले नाही, तर पहिल्याच पावसाळ्यात गैरसमज होतो.

वजनाचा अंदाज आधीच काढता येतो. १४० मिलिमीटर लांब, १० मिलिमीटर रुंद आणि १.६ मिलिमीटर जाड पट्टीचे घनफळ २.२४ घन सेंटिमीटर भरते. तांब्याची घनता ८.९६ असल्यामुळे अशा कड्याचे वजन सुमारे २० ग्रॅम होते. तेच कडे ९२५ चांदीत सुमारे २३ ग्रॅम होईल. हा आकडा हाताशी असला, की चांदीचा त्या दिवसाचा भाव पाहून खर्चाचा अंदाज दुकानात पाऊल टाकण्यापूर्वीच येतो.

३. माप घ्या, शक्यतो न कळवता

मनगटाच्या बाहेरच्या बाजूचे हाड जेथे वर येते, त्याच्या किंचित मागे, कोपराच्या दिशेने घेर मोजायचा असतो, कारण खुले कडे तेथेच बसते. कागदाची अरुंद पट्टी गुंडाळून खूण करणे ही सर्वांत खात्रीची पद्धत आहे. भेट गुपित ठेवायची असेल, तर जोडीदाराचे पट्ट्याचे घड्याळ नेहमीच्या भोकात अडकवून त्याचा आतला घेर दोऱ्याने मोजावा.

बांगडीवरून माप काढू नये. आपल्याकडे बांगडीचे माप आतल्या व्यासावर ठरते: दोन-चार म्हणजे सव्वादोन इंच, म्हणजे सुमारे ५७ मिलिमीटर, दोन-सहा म्हणजे सुमारे ६० मिलिमीटर, दोन-आठ म्हणजे अडीच इंच, म्हणजे ६३.५ मिलिमीटर. हे माप हाताचा पंजा आत जाण्यासाठी घेतलेले असते, त्यातून मनगटाचा घेर कळत नाही. दोन-सहाची बांगडी घालणाऱ्या दोन व्यक्तींच्या मनगटांत बराच फरक असू शकतो.

घेर मिळाल्यावर त्यातून २५ मिलिमीटर वजा करावेत. उरलेली लांबी ही पट्टीची लांबी. १६५ मिलिमीटर घेराच्या मनगटासाठी १४० मिलिमीटरची पट्टी पुरते. पट्टी १५ मिलिमीटरपेक्षा रुंद असेल किंवा कडे सैल आवडत असेल, तर आणखी ५ मिलिमीटर वाढवावेत.

४. जाडी ठरवा, आणि गेजवर विश्वास ठेवू नका

जाडी फार कमी ठेवली तर कडे प्रत्येक वेळी घालताना वाकते, आणि फार ठेवली तर ते हाताने वळत नाही. आठ ते बारा मिलिमीटर रुंदीसाठी १.६ मिलिमीटर जाडी मला सर्वांत सोयीची वाटते.

दुकानात मात्र जाडी गेजमध्ये, म्हणजे ठरावीक जाडीला दिलेल्या क्रमांकात, विचारली जाते आणि तेथे घोटाळा होतो. आपल्याकडच्या बाजारात सामान्यतः ब्रिटिश मापाचा गेज चालतो. त्यात १६ गेज म्हणजे १.६३ मिलिमीटर आणि १४ गेज म्हणजे २.०३ मिलिमीटर. अमेरिकी कारागिरांच्या व्हिडिओंत ज्याला १४ गेज म्हणतात, तो तांब्याचा पत्रा १.६३ मिलिमीटरचा असतो. व्हिडिओ पाहून ‘१४ गेज द्या’ म्हणालात, तर पाव पट जास्त जाड पट्टी पदरात पडते. मिलिमीटरमध्ये मागावे आणि शक्य असल्यास व्हर्नियर कॅलिपर लावून खात्री करावी.

विजेच्या सामानाच्या दुकानात अर्थिंगसाठी तांब्याची २५ बाय ३ मिलिमीटरची पट्टी मिळते. ती शुद्ध असते आणि दिसायला आकर्षक वाटते, परंतु तीन मिलिमीटर जाडी घरगुती हत्यारांना दाद देत नाही.

५. आराखडा खऱ्या मापात काढा

आलेखाच्या कागदावर पट्टीचा आयत प्रत्यक्ष मापात काढावा. मोठ्या आकारात काढलेली नक्षी फसवी असते. दहा मिलिमीटर रुंदीत किती थोडे मावते, हे खऱ्या मापातच कळते. आयताच्या मधोमध उभी रेघ मारावी. ती मनगटाच्या वरच्या बाजूस येईल. दोन्ही टोकांकडचे सुमारे २० मिलिमीटर नक्षीविना ठेवावेत, कारण कडे घालताना आणि काढताना तोच भाग सर्वाधिक घासला जातो.

आराखड्यात एकच गोष्ट सांगावी. दोघांची नावे, तारीख, भेटीचे ठिकाण, आवडते फूल आणि हृदयाचा आकार हे सर्व एका कड्यावर आले, की ते लग्नपत्रिकेसारखे दिसू लागते. बाहेरच्या बाजूस केवळ पोत आणि आतल्या बाजूस खाजगी अक्षरे, ही मांडणी मी सुचवेन. बाहेरून पाहणाऱ्याला साधे घडीव कडे दिसते आणि आतला मजकूर ज्याचा त्यालाच ठाऊक राहतो.

नक्षीच्या कल्पना फोनवर शोधण्याऐवजी एक सकाळ राजा दिनकर केळकर संग्रहालयात घालवावी. तेथील दिवे, कुलुपे आणि आकृतींचे अडकित्ते पाहताना हे लक्षात येते, की जुन्या कारागिरांनी रोजच्या वापराच्या वस्तूवर नक्षी कोठे करायची याइतकाच कोठे करायची नाही याचाही विचार केला होता. हाताची पकड येते तो भाग बहुधा साधा ठेवलेला आढळतो.

आराखडा झाला की तो जाड पुठ्ठ्यावर चिकटवून कापावा, वाकवावा आणि स्वतःच्या हातात घालून पाहावा. रुंदी खटकते ती येथेच.

६. अक्षरांचा विचार स्वतंत्रपणे करा

देवनागरीला तीन मजले असतात: वर वेलांटी, मात्रा आणि रफार, मध्ये अक्षर, खाली उकार आणि ऋकार. दहा मिलिमीटरच्या पट्टीत वर-खाली दीड-दीड मिलिमीटर मोकळे सोडले, तर सात उरतात आणि त्यातून तिन्ही मजले बसवायचे असल्यास मूळ अक्षराला साधारण चार मिलिमीटर मिळतात. एवढ्या जागेत ‘द्ध’ किंवा ‘ष्ट्य’ यांसारखी जोडाक्षरे भरून जातात. उकार आणि वेलांटी नसलेला शब्द सापडला, तर अक्षरे आपोआप मोठी घेता येतात. शब्द थोडे असावेत. पूर्ण वाक्य धातूवर क्वचितच चांगले दिसते.

अक्षरे आरपार कापण्याचा विचार असेल, तर हे ध्यानात घ्यावे, की ‘ब’, ‘व’, ‘क’ यांच्या पोटातले बंद तुकडे गळून पडतात आणि त्यांना धरून ठेवणारा पूल ठेवावा लागतो. उलट अक्षरांभोवतीचा भाग कापून अक्षरेच शिल्लक ठेवली, तर शिरोरेषा सर्वांना एकत्र धरून ठेवते. हा देवनागरीचा मोठा फायदा आहे. तरीही पहिल्या कामात आरपार कापणी करू नये. पट्टी त्या जागी कमकुवत होते आणि वळवताना नेमकी तेथेच मोडते.

माझी पसंती जोडीदाराच्या किंवा स्वतःच्या हस्ताक्षराला आहे. एखाद्या जुन्या चिठ्ठीतला, अगदी वाणसामानाच्या यादीतलाही शब्द चालतो. त्याचा फोटो काढून हव्या त्या मापात छापून घ्यावा.

अक्षरे कोणत्या दिशेने वाचायची, हे आताच ठरवून आराखड्यावर बाणाने लिहावे. कडे हातातून काढून समोर धरल्यावर आतली ओळ सुलट दिसावी, अशी बहुतेकांची अपेक्षा असते.

७. साहित्य जमवा

खालील वस्तू काम सुरू करण्यापूर्वी एकत्र असाव्यात:

- तांब्याची पट्टी किंवा पत्रा, १.६ मिलिमीटर जाड, आणि सरावासाठी त्याचाच एक जास्तीचा तुकडा
- धातू कापायची करवत. जाड पट्टीला कात्री लावू नये, ती कडा दुमडते
- एक चपटी आणि एक अर्धगोल कानस
- गोल तोंडाची हातोडी आणि लाकडी किंवा नायलॉनचा हातोडा
- ऐरण, किंवा सपाट, गुळगुळीत पृष्ठभागाचा लोखंडाचा जड ठोकळा
- दीड इंची लोखंडी पाइपचा हातभर तुकडा. त्याचा बाहेरचा व्यास सुमारे ४८ मिलिमीटर असतो
- २२०, ४००, ६०० आणि १००० नंबरचे वॉटर पेपर, म्हणजे घासकागद
- ब्युटेनचा हाती टॉर्च, दोन विटा, चिमटा आणि पाण्याची बादली
- सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानात मिळणारे लिंबूफूल
- डोळ्यांसाठी चश्मा आणि सुती कपडे. हातोडीजवळ कानात बोळे घालावेत

हत्यारे रविवार पेठेत बोहरी आळीत मिळतात. तेथे जाताना पट्टीचा पुठ्ठ्याचा नमुना खिशात ठेवावा, म्हणजे कानस आणि करवत योग्य मापाची निवडता येते. ठोकळा आणि जुनी हातोडी यांसाठी बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार चांगला, मात्र हातोडीचे तोंड निरखून घ्यावे. तोंडावर ओरखडा असेल, तर तो प्रत्येक घावागणिक तांब्यावर उमटतो. आरशासारखे तोंड होईपर्यंत वॉटर पेपरने घासणे हे कंटाळवाणे, परंतु अटळ काम आहे.

गणेशोत्सवाच्या दिवसांत पेठांतले रस्ते बंद असतात आणि दसरा-दिवाळी व लग्नसराईत कारागिरांना मान वर करायला वेळ नसतो. तारीख त्या काळात येत असेल, तर किमान महिनाभर आधी सुरुवात करावी.

८. पट्टी कापा आणि कडा गोल करा

आराखडा पट्टीवर चिकटवून करवतीने कापावी. ठोकल्यावर पट्टी थोडी लांबते, म्हणून ठरलेल्या लांबीपेक्षा दोन-तीन मिलिमीटर कमीच कापावी. टोके कानशीने अर्धगोल करावीत आणि चारही कडांवर बोट फिरवून कोठेही धार लागत नाही, याची खात्री करावी.

९. तापवून मऊ करा

ठोकल्याने आणि वाकवल्याने धातू कडक होत जातो आणि शेवटी तडकतो. तापवल्याने तो पुन्हा मऊ होतो. पट्टी विटेवर ठेवून, खोली थोडी अंधारी करून, टॉर्चची ज्योत सर्वत्र फिरवत तांबे मंद लालसर होईपर्यंत तापवावे आणि चिमट्याने धरून पाण्यात बुडवावे. तांब्याचा वितळणबिंदू १०८५ अंश सेल्सिअस असल्यामुळे ते वितळण्याची भीती फारशी नाही. चांदीच्या बाबतीत ही सवलत नाही, कारण शुद्ध चांदीही ९६२ अंशांना वितळते आणि ९२५ चांदी त्याच्याही आधी. प्रखर उजेडात लाली दिसत नाही आणि माणूस नकळत जास्त तापवतो, म्हणून अंधार.

हे काम गॅलरीत किंवा गच्चीवर, वाऱ्याच्या आडोशाला करावे. पाइप जस्ताचा मुलामा दिलेला असेल, तर त्याला ज्योत लागू देऊ नये. जस्ताचा धूर घातक असतो.

तापवलेले तांबे काळे पडते. कोमट पाण्यात लिंबूफूल विरघळवून त्यात पट्टी बुडवून ठेवली, की काळेपणा सुटतो. पट्टी काढण्यासाठी लोखंडी चिमटा वापरू नये. लाकडी किंवा प्लास्टिकचा वापरावा. आयत्या वेळी चिंच आणि मीठही हेच काम करते, जे तांब्याची भांडी घासणाऱ्या घरांत सांगण्याची गरज नाही.

१०. मठारकाम

कसबा पेठेतल्या तांबट आळीत गेलात, तर कारागीर दिसण्याआधी ठोकण्याचा आवाज ऐकू येतो. पेशवाईपासून तेथे तांबटांची वस्ती आहे आणि बंबापासून तांब्यांपर्यंत भांडी घडवली जातात. भांड्यावर एकाशेजारी एक असे हातोडीचे घाव घालून जो चमकदार, खळ्याखळ्यांचा पोत आणतात, त्याला मठार म्हणतात. तो शोभेसाठी असतो, तसाच पत्रा कडक आणि एकसारखा करण्यासाठीही असतो. नवख्याने तेथे उभे राहून थोडा वेळ केवळ पाहावे: हात कोपरातून किती कमी हलतो, घाव किती हलके आणि किती सारख्या अंतरावर पडतात, आणि भांडे हातोडीखाली कसे फिरवले जाते. कारागीर कामात असतात, त्यामुळे आधी विचारावे आणि फोटोसाठी परवानगी घ्यावी. कोणी दोन घाव घालून दाखवले, तर त्या मिनिटाचे मोल कोणत्याही व्हिडिओपेक्षा जास्त आहे.

घरी पट्टी ऐरणीवर सपाट ठेवून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओळीने घाव घालावेत. हातोडी जागच्या जागी पडावी आणि डाव्या हाताने पट्टी सरकवावी. घाव एकाच कडेवर जास्त पडले, तर ती कड लांबते आणि पट्टी तलवारीसारखी वाकडी होते. तसे दिसताच दुसऱ्या कडेवर घाव घालावेत आणि लाकडी हातोड्याने पट्टी सरळ करावी. अर्धवट ठोकून थांबू नये, कारण दुसऱ्या दिवशी हात वेगळा पडतो आणि पोतातला फरक लगेच दिसतो. पट्टी ताठ लागू लागली, की पुन्हा तापवावी.

मठार झाल्यावर लांबी पुन्हा मोजावी आणि पसरलेल्या कडा कानशीने सरळ कराव्यात.

११. आतली अक्षरे

आता, आणि आताच, अक्षरे घालायची. याआधी घातली असती, तर बाहेरच्या बाजूला मठार करताना ऐरणीवर ती दाबली गेली असती. वळवल्यानंतर तेथे हत्यार पोहोचत नाही.

सर्वांत सोपा मार्ग घरोघरच्या भांड्यांवर नावे घालणाऱ्यांचा आहे. लग्नात दिलेल्या तांब्यावर किंवा डब्यावर विजेच्या लेखणीने नाव घालून देणारे भांड्यांच्या दुकानांत असतात आणि त्यांचा देवनागरीचा हात बसलेला असतो. त्यांच्याकडे जाताना मजकूर खऱ्या मापात लिहून न्यावा आणि आधी जास्तीच्या तुकड्यावर घालून पाहावा.

हस्ताक्षर हुबेहूब हवे असेल, तर फेरिक क्लोराइडने तांबे कोरता येते. सर्किट बोर्ड तयार करण्यासाठी हे रसायन वापरतात, त्यामुळे बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत ते मिळते. मजकुराची लेझर प्रिंट गुळगुळीत मासिकाच्या कागदावर काढून, ती तांब्यावर पालथी ठेवून इस्त्रीने दाबली, की टोनर तांब्यावर उतरतो. कागद पाण्यात भिजवून अलगद सोलायचा. जेथे टोनर आहे तेथे तांबे शाबूत राहते आणि उघडा भाग विरघळतो. म्हणजे अक्षरे खोलगट हवी असतील, तर छापताना काळ्याचे पांढरे आणि पांढऱ्याचे काळे करावे लागते; शिवाय प्रिंट आरशात दिसते तशी उलटी हवी, तरच तांब्यावर ती सुलट उतरते. या दोन्ही उलटापालटी एकदम करताना गोंधळ होतोच, म्हणून सरावाचा तुकडा आधी बुडवावा.

मागची बाजू आणि कडा चिकटपट्टीने किंवा नेलपॉलिशने झाकाव्यात, प्लास्टिकच्या डब्यात द्रावण घ्यावे आणि अक्षरांची बाजू खाली करून पट्टी तरंगती ठेवावी, म्हणजे सुटलेला गाळ अक्षरांत बसत नाही. दर दहा मिनिटांनी काढून, धुऊन, नखाने खोली पाहावी. हातमोजे आणि चश्मा आवश्यक आहेत. फरशीवर आणि कपड्यांवर पडलेला डाग निघत नाही. ॲल्युमिनियमचे भांडे चुकूनही वापरू नये, त्याची तीव्र अभिक्रिया होते. काम झाल्यावर पट्टी खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात धुवावी. उरलेले द्रावण मोरीत ओतू नये, कारण त्यात विरघळलेले तांबे असते. नाव लिहिलेल्या प्लास्टिकच्या बाटलीत ठेवावे, ते पुन्हा वापरता येते.

ही पद्धत चांदीला लागू पडत नाही. चांदीवर अक्षरे कोरून घ्यावीत.

१२. वळवा

पट्टी एकदा शेवटची तापवून, लिंबूफुलाच्या पाण्यातून काढून, कोरडी करावी. वळवताना टोके आधी आणि मध्य नंतर, हा नियम मोडू नये. मध्य आधी वळवला, तर टोके सरळच राहतात आणि मनगटात टोचतात. पाइपवर पट्टीचे टोक धरून लाकडी हातोड्याने सुमारे ३० मिलिमीटरचा भाग वाकवावा, मग दुसरे टोक, आणि शेवटी मध्य हाताने दाबत न्यावा. पाइप मनगटापेक्षा बारीक असणेच योग्य, कारण धातू सोडल्यावर थोडा उलगडतो.

मनगट गोल नसते, लांबट असते. म्हणून गोल झालेले कडे वरून तळव्याने दाबून लंबगोल करावे. फट २५ ते ३० मिलिमीटर असावी. शेवटी पाइपवर ठेवून लाकडी हातोड्याने सर्वत्र हलके घाव घातले, की कडे पुन्हा ताठ होते आणि मठार बिघडत नाही.

१३. चांदीत करायचे असल्यास सराफाकडे

रविवार पेठ आणि सोन्या मारुती चौकाच्या परिसरात सराफ आणि कारागीर दोन्ही आहेत. त्यांच्याकडून ९२५ चांदीची पट्टी विशिष्ट मापात ओढून घेता येते आणि पुढचे काम घरी करता येते. जाताना एवढे बरोबर न्यावे: खऱ्या मापातला आराखडा, जाडी-रुंदी-लांबी लिहिलेली चिठ्ठी आणि तयार तांब्याचे कडे. कारागिराला दहा वाक्यांत न समजणारी गोष्ट तांब्याचा नमुना पाहून एका क्षणात समजते.

त्या दिवसाचा चांदीचा भाव, घडणावळ आणि घट यांचे आकडे आधीच ठरवून कागदावर घ्यावेत. चांदी देताना आणि वस्तू घेताना वजन स्वतःच्या डोळ्यांसमोर करावे. पक्के बिल घ्यावे. हॉलमार्क सोन्यासारखा चांदीला सक्तीचा नाही, तो मागावा लागतो. आणि तो नोंदणीकृत सराफामार्फतच करून घेता येतो, घरी घडवलेल्या वस्तूवर आपण स्वतः उमटवू शकत नाही.

घरातले जुने पैंजण आटवून त्याच चांदीचे कडे करण्याची कल्पना सुंदर आहे. मात्र जुन्या पैंजणांत डागाचे सांधे फार असतात आणि त्यामुळे आटवलेल्या चांदीचा कस अपेक्षेपेक्षा कमी भरतो. आटणीनंतर टंच, म्हणजे शुद्धतेचे प्रमाण, काढून घ्यावा आणि कमी भरल्यास त्यात शुद्ध चांदी मिसळावी. पैंजण आईचे किंवा आजीचे असेल, तर त्यांना आधी विचारावे. आटवलेला दागिना परत मिळत नाही.

१४. रंग, पॉलिश आणि सुपूर्त करणे

मठारावर वॉटर पेपर चालवू नये, चमक जाते. आतली बाजू आणि कडा मात्र २२० पासून १००० नंबरपर्यंत क्रमाने घासाव्यात. खोलगट अक्षरे उठून दिसण्यासाठी कडकडीत उकडलेले अंडे सोलून, चुरून, झाकणाच्या डब्यात कड्याबरोबर ठेवावे. बलकातून निघणाऱ्या गंधकयुक्त वायूने तांबे आणि चांदी दोन्ही काही तासांत काळपट होतात. अंडे कड्याला लागू देऊ नये, डाग असमान पडतात. हवा तेवढा काळेपणा आला, की कडे धुऊन आतल्या बाजूचा वरवरचा पृष्ठभाग १००० नंबरच्या पेपरने हलका घासावा; अक्षरांत काळे शिल्लक राहते. बाहेरच्या मठारावर मऊ कापड आणि पॉलिश पुरे. ज्या घरात अंडे चालत नाही, त्यांनी कडे सराफाकडून ऑक्सिडाइज, म्हणजे काळपट, करून घ्यावे.

आतल्या बाजूस मधमाशीच्या मेणाचा पातळ हात द्यावा. त्याने त्वचेवरचा हिरवटपणा लांबणीवर पडतो, कायमचा थांबत नाही; मेण अधूनमधून पुन्हा लावावे लागते. ठेवण्यासाठी सुती कापड वापरावे. रबर बँड आणि लोकर यांच्या सान्निध्यात चांदी काळवंडते.

भेट देताना कडे घालायची रीत दाखवावी. ते फाकवून घालायचे नसते. मनगटाच्या अरुंद बाजूने, आडवी फट सरकवून आत ढकलायचे आणि मग फिरवायचे. रोज फाकवले, तर धातू मध्यभागी कडक होत जाऊन काही महिन्यांत तेथे चीर पडते. पहिल्या आठवड्यात ते सैल किंवा घट्ट वाटले, तर पाइप आणि लाकडी हातोडा पुन्हा काढून दोन-चार हलक्या घावांत माप जुळवता येते, म्हणून हत्यारे लगेच आवरून माळ्यावर टाकू नयेत.